मगदुमांनी घडवलेला चौगुले

जयसिंगपुरात दोन प्रकारची माणसं राहतात: मगदुमांचं भडंग खाणारी आणि चुकीचं भडंग खाणारी. ही वर्गवारी भूपालअप्पा मगदूम यांची. रस्त्याच्या पलीकडे जिनदत्त चौगुले यांचं दुकान होतं, तिथं हीच वर्गवारी नावं बदलून ऐकायला मिळे. दोन्ही दुकानांवर 'आमची कोठेही शाखा नाही' अशी पाटी होती आणि दोघांच्याही शाखा सांगली-मिरजेपासून कोल्हापुरापर्यंत होत्या. ते वाक्य शाखांविषयी नसून समोरच्या दुकानाविषयी आहे, हे गावाला ठाऊक होतं.

वीसेक वर्षांपूर्वी दोघांचं एकच दुकान होतं. शाळेत एका बाकावर बसलेली, एका सायकलीवर डबलसीट हिंडलेली ही दोघं वेगळी झाली ती लसणावरून. भडंगाच्या चुरमुऱ्यांना लसूण सालीसकट ठेचून लावायचा, असं जिनदत्तचं म्हणणं. सोलून लावायचा, असं अप्पांचं. यातली मौज अशी की दोघंही जैन, आणि चातुर्मासात दोघांच्याही घरी लसूण वर्ज्य. वर्षातले चार महिने जो पदार्थ जिभेवर ठेवायचा नाही, त्याच्या सालीवरून माणसं जन्माची वैरी होऊ शकतात, हे जयसिंगपूरनं जगाला दाखवून दिलं. जगानं दखल घेतली नाही.

वैर अप्पांना मानवलं होतं. बायको गेली, गुडघे गेले, मित्र एकेक करून मुलांकडे पुण्याला राहायला गेले. पण सकाळी उठून काय करायचं, हा प्रश्न अप्पांना कधी पडला नाही. उठायचं, खिडकी उघडायची आणि समोर जिन्या काय करतोय ते बघायचं. त्यानं लाल पाकीट काढलं की आपण हिरवं काढायचं. त्यानं भाव उतरवला की आपण शेंगदाणे वाढवायचे. कुणाला देवपूजा असते, कुणाला योगासनं.

मुलगी सन्मती पुण्याहून धंद्याचं शिक्षण घेऊन आली, तेव्हा तिनं पहिल्यांदा दुकानात एक फळा लावला. त्यावर चार चौकोन आखले: आपलं बळ, आपली उणीव, संधी, धोका. म्हणाली, "अप्पा, स्पर्धेत टिकायचं तर नीट योजना पाहिजे. चारही चौकोन भरा."

अप्पांनी खडू घेतला आणि चारही चौकोनांत एकच शब्द लिहिला. जिन्या.

"धोक्यात कळलं," सन्मती म्हणाली. "बळात जिनदत्तकाका कसे काय?"

"तो हाय म्हणून मी हाय."

"आणि संधीत?"

"कधीतरी चुकंल की."

सन्मतीनं फळा पुसला आणि 'प्रतिपक्ष' आणलं.

'प्रतिपक्ष' काय होतं ते आधी सांगितलं पाहिजे, कारण पुढं जे घडलं ते सगळं त्याच्या पोटातलं. फळ्यावरच्या योजनेत एक मूळचा दोष असतो. आपण चाल ठरवतो तेव्हा समोरचा माणूस फोटोतल्यासारखा एका जागी उभा आहे, असं धरून चालतो. खरा माणूस तसा उभा राहत नाही. आपण भाव पाडला की तोही पाडतो, किंवा पाडत नाही, किंवा भलतंच काहीतरी करून बसतो. आणि आपली योजना फळ्यावर तशीच सुंदर राहते. पुण्याच्या एका कंपनीनं हा फोटोतला माणूस हलता केला. बोलणारी यंत्रं तोवर इतकी जुनी झाली होती की बाजार समितीच्या चौकशीच्या खिडकीतसुद्धा एक बसवलेलं होतं आणि तेही तिथल्या कारकुनांसारखं 'उद्या या' म्हणायला शिकलं होतं. कंपनीची करामत वेगळी होती. माणसाला वाटतं, आपण प्रत्येक निर्णय नव्यानं घेतो. पण त्याचे वर्षानुवर्षांचे निर्णय एकापुढे एक मांडले, की त्यांना एक उतार दिसायला लागतो. उतार सापडला की पाणी पुढं कुठं वाहणार ते सांगता येतं. या उताराला कंपनी 'निर्णय-प्रतिमा' म्हणे. प्रतिस्पर्ध्याची प्रतिमा तयार करायची, ती तुमच्या योजनेसमोर उभी करायची आणि दोघांना लाखो वेळा झुंजवायचं. जी चाल सगळ्यांत जास्त वेळा जिंकेल ती सकाळी तुमच्या टेबलावर.

प्रतिमेचा सांगाडा बाहेरच्या माहितीवरून मिळे: भावपत्रकं, जाहिराती, तक्रारींना दिलेली उत्तरं. पण अंगावर मांस चढवायचं तर त्या माणसाला ओळखणारं कुणीतरी लागे. कंपनीच्या अनुभवात माणसाला सर्वांत बारकाईनं ओळखतो तो त्याचा प्रतिस्पर्धी. बायकोही ओळखते, पण ती त्याला हरवायला पूर्णवेळ बसलेली नसते.

तेव्हा अप्पांना दुपारच्या जेवणानंतर काही दिवस यंत्रापुढं बसवण्यात आलं. यंत्रात एक मऊ आवाजाची बाई होती. अप्पा तिला 'पुण्याची बाई' म्हणत.

"जिनदत्त चौगुले संकटातल्या माणसाशी कसे वागतात?" बाईनं विचारलं.

"कुणी बुडताना दिसला तर त्याच्या डोक्यावर पाय देऊन बघतो, पाणी किती खोल हाय ते."

"ते माघार कधी घेतात?"

"घेत नाही. समोरचा मातीत जाईपर्यंत सोडत नाही."

"त्यांच्या बोलण्यात एखादी लकब?"

लकब अशी काही नव्हती. पण वीस वर्षांत अप्पांना जिनदत्तविषयी इतक्या आस्थेनं कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथं एक घडवली. "'धंद्यात भाऊ नाही नि भडंगात खडा नाही.' उठताबसता हेच म्हणतो."

वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हणून बघितलं. मग त्यांना आणखी सुचत गेलं. शेवटच्या दिवशी उठताना अप्पांचा चेहरा दसऱ्याचं जेवून उठल्यासारखा तृप्त होता.

पंधरवड्यात प्रतिमा तयार झाली. केबलवरच्या जाहिरातींमधून आवाजही उचलला होता. सन्मतीनं कळ दाबली आणि टेबलावरच्या डबीतून जिनदत्त म्हणाला, "काय भुप्या, गुडघे काय म्हणतात?"

अप्पा खुर्चीतून अर्धे उठले. मग हळूच खाली बसले. "तुला काय करायचंय?" ते म्हणाले.

"तसं नव्हे. दुकानाच्या पायऱ्या उतरवत न्हाईत, तर दुकान कसं चालवणार, म्हणून विचारलं."

सन्मती म्हणते, त्या दिवशी अप्पा बऱ्याच वर्षांनी मोठ्यानं हसले.

प्रतिमा कामाची निघाली. चौगुले संक्रांतीला लहान पाकीट काढणार, म्हणाली. काढलं. इचलकरंजीचा एजंट फोडायला बघणार, म्हणाली. बघितलं, आणि तोवर अप्पांनी एजंटाच्या मुलीच्या लग्नात आहेर करून ठेवला होता. सुरुवातीला मधून मधून ती चुकेही. जिनदत्त मधेच भलतंच काहीतरी करून बसे, आणि प्रतिमा म्हणे, "हे मला सुचलं नव्हतं, भुप्या." तेव्हा अप्पांना का कोण जाणे, बरं वाटे.

रोज दुपारी अप्पा डबीशी बोलत बसू लागले. समोरच्या खिडकीशी जायची गरज उरली नाही. जिन्या काय करणार ते जिन्याच सांगत असल्यावर खिडकीतून काय बघायचं? खऱ्या जिनदत्तला आपण किती महिन्यांत पाहिलेलं नाही, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

ध्यानात आलं ते वेगळंच. होळीच्या सुमारापासून प्रतिमा चुकेनाशी झाली. ती म्हणे त्या वारी, ती म्हणे तेवढाच भाव. पाकिटाचा रंग, जाहिरातीतले शब्द, सगळं सही सही. सन्मती खूश होती. "यंत्र शिकतंय, अप्पा. जितकं वापरू तितकं धारदार होतं."

"यंत्र शिकतंय ते ठीक," अप्पा म्हणाले. "पण जिन्या इतका सरळ कधी नव्हता. शाळेत गृहपाठसुद्धा त्यानं कधी सांगितल्यासारखा केला नाही."

श्रावण संपता संपता चौगुल्यांनी भाव पाडला. मगदुमांनी पाडला. चौगुल्यांनी आणखी पाडला. गणपतीपर्यंत समोर भडंग इतकं स्वस्त झालं की नुसते चुरमुरे घेणाऱ्या माणसाला गावात लोक उधळ्या समजायला लागले. हा घाट्याचा धंदा होता, दोघांच्याही. पण चौगुल्यांचं घर मोठं, पोरगा अभिनंदन बेंगलोरला मोठ्या पगारावर. त्यांना तो सोसणारा होता. मगदुमांना सोसणारा नव्हता.

"दिवाळीपर्यंत तग धरू," सन्मती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "त्यानंतर भट्टी बंद. भट्टीवरच्या चाळीस बायकांना मी काय सांगू?"

अप्पांनी डबीला विचारलं, "थांबशील कधी?"

"मी कुठं थांबतोय?" जिनदत्तच्या आवाजानं मायेनं सांगितलं. "समोरचा मातीत जाईपर्यंत मी सोडत नाही. तुला तर माहितीच आहे."

अप्पांना ते शब्द ओळखीचे वाटले. कुणाचे, ते आठवेना.

अशात दशलक्षण पर्व आलं. दहा दिवसांचे उपास-तापास संपले आणि क्षमावणीचा दिवस उजाडला. या दिवशी गावातली जैन माणसं एकमेकांच्या दारी जातात, हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणतात, आणि वर्षभरात जे काही बोललं-वागलं गेलं असेल त्याची क्षमा मागतात. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा बोलायला-वागायला मोकळी. वैर धरल्यापासून एकही वर्ष असं गेलं नव्हतं की जिनदत्त या सकाळी अप्पांच्या दारी आला नाही. पायऱ्या चढायचा नाही. खाली उभा राहून म्हणायचा, "उत्तम क्षमा, भुप्या." अप्पा वरून म्हणायचे, "उत्तम क्षमा." तो पाठ फिरवून चालू लागायचा. अप्पांनी त्याच्यावर अन्न-तपासणीवाले सोडले होते त्या वर्षीही आला होता. तपासणीवाल्यांनी त्याच्या भडंगाची तारीफ केली, तेवढं मात्र जास्तीचं सांगून गेला होता.

या वर्षी अप्पा पांढरे कपडे घालून सकाळपासून ओट्यावर बसले. गल्लीतले सगळे येऊन गेले. जिनदत्त आला नाही. ऊन पायऱ्यांवरून खाली उतरून रस्त्यावर गेलं.

"अप्पा, जेवायला चला," सन्मती म्हणाली. "भावाच्या भांडणात राग आला असेल त्यांना."

"राग आल्यावर न येणारा माणूस नव्हे तो." अप्पा रस्त्याकडेच बघत होते. "सन्मती, त्या पुण्याच्या बाईनं मला विचारलं होतं, जिनदत्त कधी क्षमा मागतात का. मी म्हटलं, कधीच नाही."

"पण दर वर्षी तर ते..."

"येतो. ते मी त्या बाईला कशाला सांगू? मी खोटंच सांगितलं." त्यांनी मुलीकडे बघितलं. "आता तू मला सांग. खोटं मी यंत्राला सांगितलं. मग त्या खोट्यासारखा जिन्या कसा काय वागायला लागला?"

अप्पांनी चपला घातल्या.

रस्ता ओलांडून पलीकडच्या गल्लीत चौगुल्यांचं घर. वीस वर्षांत अप्पांनी तो उंबरा ओलांडला नव्हता. दार जिनदत्तच्या बायकोनं, त्रिशलावहिनींनी उघडलं. त्या अप्पांकडे बघत राहिल्या. मग बाजूला झाल्या. "या भाऊजी. कधीतरी कळणारच होतं."

मागच्या पडवीत आरामखुर्चीत जिनदत्त बसला होता. उजवा हात मांडीवर, कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. तोंडाची एक बाजू खाली ओघळलेली. डोळे मात्र तेच, एका बाकावरचे.

"माघात झटका आला," वहिनी म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, कळतं सगळं. ऐकतात, समजतात. शब्द तेवढे सापडत नाहीत. कुणाला सांगितलं नाही, भाऊजी. बाहेर म्हणतो, घरून फोनवर धंदा बघतात. बाजारात कळलं असतं तर आमचे एजंट दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात असते."

"असते," अप्पांनी प्रामाणिकपणे कबूल केलं. "मग दुकान कोण बघतं?"

वहिनी उत्तर देणार तोच आतल्या खोलीतून आवाज आला. ठणठणीत, दणदणीत. जिनदत्तचा. कुणाशी तरी फोनवर बोलत होता. "अजून पाड भाव. मगदूम दिवाळीला दार लावून घेतो का नाही बघ. अरे, धंद्यात भाऊ नाही नि भडंगात खडा नाही."

अप्पांनी खुर्चीकडे बघितलं. खुर्चीतल्या जिनदत्तचे ओठ मिटलेले होते.

"हे असलं वाक्य जन्मात कधी बोलले नाहीत हो," वहिनी हलक्या आवाजात म्हणाल्या. "आजारपणानंतरच बोलायला लागलेत." मग त्यांच्याच लक्षात आलं. "म्हणजे हे नव्हे. ते." त्यांनी आतल्या खोलीकडे बोट केलं. "मीसुद्धा घोटाळते कधीकधी. सकाळी चहा झाला का म्हणून विचारतात, मी 'होय' म्हणून जाते."

"कुणी बसवलं हे?"

"अभिनंदननं. पुण्याच्या कंपनीकडून. ते म्हणाले, नवी प्रतिमा करायची तर तुमचे वडील बोलते पाहिजेत. पण एक तयार आहे म्हणाले. यांना लहानपणापासून ओळखणाऱ्या कुणा जवळच्या माणसानं करून घेतलेली, अगदी उत्तम." वहिनींनी पदरानं जिनदत्तच्या तोंडाचा कोपरा टिपला. "आम्हाला बरं वाटलं. म्हटलं, जवळच्या माणसानं सांगितलंय म्हणजे चांगलंच सांगितलं असेल."

होळीपासून ते ज्याच्याशी झुंजत होते तो जिनदत्त नव्हताच. रोज दुपारी डबीत बसून चाल सांगणारा आणि रोज सकाळी समोरच्या दुकानात ती चाल खेळणारा, दोन्ही एकच. मग तो चुकणार कसा? आणि मातीत घालायला निघालेला तो राक्षस पुण्याचा नव्हता, चौगुल्यांचाही नव्हता. तो मगदुमांच्या घरचा होता, अस्सल, कुठेही शाखा नसलेला.

आतला आवाज हसला. खुर्चीतला माणूस ते ऐकत होता. होळीपासून रोज, दिवसभर, आपल्याच आवाजात कुणीतरी नीच माणूस आपलं दुकान चालवतोय हे ऐकत होता. त्याची नजर अप्पांच्या चेहऱ्यावर होती आणि तिच्यात राग आहे का विनवणी आहे का नुसतंच 'गुडघे काय म्हणतात', हे अप्पांना सांगता येईना. 'उत्तम क्षमा' म्हणायचं ते न म्हणताच ते बाहेर पडले.

अप्पांनी घरी येऊन पाहिलेलं सगळं सांगितलं आणि सन्मतीनं कंपनीला फोन लावला. कंपनी अतिशय सौजन्यानं बोलली. प्रतिमा कंपनीच्या मालकीची, ती इतरत्र वापरायचा हक्क कंपनीचा, आणि एवढी तंतोतंत प्रतिमा घडवून दिल्याबद्दल अप्पांचं अभिनंदन. मूळ माहिती देणाऱ्याला मात्र आपली उत्तरं कधीही सुधारता येतात. सुधारलेली प्रतिमा जिथं जिथं चालू असेल तिथं तिथं दुसऱ्या सकाळपासून लागू होते.

"अप्पा, कळतंय का तुम्हाला?" सन्मतीचे डोळे लकाकत होते. "समोरचं दुकान तुमच्या बोलण्यावर चालतंय. नुसतं सांगा, जिनदत्तकाका मनातून भित्रे आहेत. दिवाळी जवळ आली की हातपाय गाळतात. उद्या सकाळी ते माघार घेतील. दिवाळीला त्यांचं दुकान बंद, आपलं चालू."

"आणि तो खुर्चीत बसून ऐकंल, स्वतः कसा हातपाय गाळतोय ते."

"त्यांना वाईट वाटेल, मान्य आहे. पण खुर्चीतल्या एका माणसासाठी भट्टीवरच्या चाळीस बायका घरी बसवायच्या?"

अप्पा यंत्रापुढं जाऊन बसले. बाई तशीच मऊ आवाजात म्हणाली, "नमस्कार, भूपालजी. कोणतं उत्तर बदलायचं आहे?"

"सगळीच."

सन्मती दाराशी उभी होती. अप्पांनी तिच्याकडे पाठ केली.

"जिनदत्त चौगुले संकटातल्या माणसाशी कसे वागतात?"

"आधी शिव्या देतो. मग उडी मारतो." अप्पांनी खुर्ची पुढं ओढली. "महापुराच्या वर्षी माझी भट्टी पाण्याखाली गेली. वेगळे होऊन वर्ष झालं असंल-नसंल. गोदामातली कोरी पाकिटं तेवढी वर होती. त्यानं ती माणूस पाठवून नेली, त्यांत स्वतःचा माल भरला आणि माझ्या गिऱ्हाइकांना माझ्या नावानं पोचवला. भट्टी पेटेपर्यंत. वर मला निरोप पाठवला, लसूण सालीसकट आहे, खाऊन बघ, सुधारशील."

दाराशी सन्मतीनं काहीतरी विचारायला तोंड उघडलं. ही गोष्ट तिला कुणी सांगितलेली नव्हती.

"त्यांची बोलण्याची लकब पूर्वीचीच ठेवायची?"

"काढून टाक. ती माझी हाय."

"ते माघार घेतात का?"

"पटलं तर घेतो. न पटता कुणाच्या बापाला घेत नाही."

"क्षमा?"

"दर वर्षी मागतो. पहिला तोच येतो." हे अप्पा जरा घाईनं म्हणाले. "आणि हे बघ, तो माझ्यापेक्षा हुशार हाय. हे लिहून घे. शाळेतसुद्धा होता."

"लिहून घेतलं. सध्याच्या स्पर्धेत ते पुढची चाल कोणती करतील, असं आपल्याला वाटतं?"

अप्पांनी खिडकीकडे बघितलं.

"ते मला सांगता येणार नाही."

"अंदाजे?"

"अंदाजच यायचा नाही बाई त्याचा. म्हणून तर मी रोज खिडकी उघडायचो."

"ही माहिती पूर्वीच्या तुलनेत कमी निश्चित आहे," बाईनं नम्रपणे सांगितलं. "प्रतिमेची अचूकता घटेल. तरी कायम करायची?"

"कर."

अप्पा उठून वळले तेव्हा सन्मतीनं त्यांची वाट अडवली. "यानं आपण वाचणार का बुडणार?" तिनं विचारलं.

"मला काय माहीत?"

"अप्पा, धंदा असा करतात का?"

"आम्ही असाच केला," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चपला घालत असताना सन्मती हातात फोन घेऊन बाहेर आली. चौगुल्यांनी भाव पूर्ववत केले होते. त्याच वेळी सालीसकट लसणाचं एक नवं पाकीट बाजारात उतरवलं होतं, चांगलं महाग, आणि त्याच्या जाहिरातीत असं काही म्हटलं होतं की मगदुमांचे कोल्हापूरचे निम्मे एजंट पहाटेपासून त्याचीच मागणी नोंदवत होते. भट्टी वाचली होती. निम्मं कोल्हापूर गेलं होतं.

"चाल चांगली आहे," सन्मती नाइलाजानं म्हणाली. "आपल्याला सुचायला पाहिजे होती. कुठं निघालात? एजंटांना फोन करायला नकोत?"

"तू कर. माझा एक दिवस उशीर झालाय आधीच."

त्रिशलावहिनींनी दार उघडलं आणि त्या आत चहा टाकायला गेल्या. जिनदत्त कालच्याच जागी होता. आंघोळ झालेली, केस नीट विंचरलेले. अप्पांनी एक स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल असे बसले. गुडघा दुखला. मग त्यांनी हात जोडले. वीस वर्षांत पहिल्यांदा आधी बोलायची पाळी त्यांच्यावर आली होती आणि ती कशी निभावायची याचा त्यांना सराव नव्हता.

"उत्तम क्षमा, जिन्या," ते म्हणाले.

जिनदत्त बघत राहिला. काही झालं नाही. स्वयंपाकघरात भांडं वाजलं.

आणि आतल्या खोलीतून, उघड्या दारातून, तोच आवाज आला. पण कालचा नव्हे. कालची धार त्यात नव्हती. थोडा खरखरीत, थोडा थट्टेचा, सायकलीच्या मागच्या सीटवरून मानेवर यायचा तस्सा. "उत्तम क्षमा, भुप्या. तू आलास व्हय? कमाल झाली. ये की आत."

यात चूक काढायला जागा नव्हती. जिन्या हेच म्हणाला असता. असाच म्हणाला असता. त्यांचं अर्धं अंग आपोआप त्या दाराकडे वळलं, आणि त्यांना दिसलं की खुर्चीतला जिनदत्त आपल्याकडे बघतोय: आपण वळतोय ते बघतोय.

ते परत सरळ झाले.

"तू गप बस," अप्पा आतल्या खोलीला म्हणाले. "मी ह्याला म्हटलंय."

आतला आवाज थांबला. पडवीत जिनदत्तचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट झाला. ओठ हलले, चुकले, पुन्हा जुळायला लागले. तो काय म्हणणार, याचा भूपालअप्पांना काडीचाही अंदाज नव्हता. ते हात जोडून वाट बघत राहिले.